पोटावरच्या रेघा, जांघेतले पट्टे

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडच्या डाळिंब बागायतदाराला फळ का तडकतं हे वेगळं सांगावं लागत नाही. ताणावर राहिलेल्या झाडाला अचानक भरपूर पाणी मिळालं, की आतले दाणे झपाट्यानं भरतात, सालीला तेवढ्या वेगानं वाढता येत नाही आणि फळाला तडा जातो. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि पाणी नियमित व बेतानं द्यायचं हे आता जिल्ह्यातल्या बागायतदारांच्या अंगवळणी पडलं आहे. माणसाच्या कातडीवर पडणाऱ्या रेघांची, म्हणजे स्ट्रेच मार्क्सची, गोष्टही वेगाचीच. शरीर भराभर वाढतं, कातडी मागे पडते. फक्त डाळिंबाची साल बाहेरून फाटते आणि कातडी आतून. वरचा थर अखंड राहतो, तुटतं ते त्याच्या खालचं. एवढं नीट कळलं तर या रेघांबद्दलच्या निम्म्या समजुती गळून पडतात आणि तेला-क्रीमवर जाणारे बरेच पैसेही वाचतात.

कातडीचा वरचा थर अगदी पातळ असतो. त्याच्याखाली जाड थर असतो, त्याला अंतस्त्वचा म्हणतात, आणि कातडीची सगळी ताकद त्याच थरात असते. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे तिला मजबुती देतात, इलॅस्टिनचे धागे ताणलेली कातडी पुन्हा जागेवर आणतात, आणि हे धागे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. ट्रॉइझिए आणि मेनेत्रिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८८९ मध्येच अशा रेघा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचं वर्णन केलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या अंगावरच्या ताज्या रेघांचे नमुने तपासले. इलॅस्टिनचं जाळं विस्कटलेलं होतंच. पण शरीरानं नवे धागे तयार करायलाही घेतले होते. ते मात्र बारीक आणि विस्कळीत होते, जुन्या जाळ्यात त्यांची सांगड बसत नव्हती. शरीर दुरुस्ती करू पाहतं, ती अपुरी पडते, आणि ती अपुरी दुरुस्ती आपल्याला रेघ म्हणून दिसते.

रेघ ताजी असते तेव्हा लालसर किंवा जांभळट असते. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर ती पुष्कळदा गडद तपकिरी दिसते, हाताला किंचित उंच लागते, कधी खाजते. काही महिन्यांनी, कधी वर्षभरानं, लाली जाते आणि मागे फिकट, थोडी खोलगट, बारीक सुरकुत्यांची पट्टी उरते. या दोन अवस्थांतला फरक उपचारांच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे, त्याबद्दल पुढे.

ताण हे कारण खरं, पण ते एकटं पुरत नाही. दोन जावांची पोटं सारखीच वाढतात, एकीच्या पोटावर एकही रेघ नसते आणि दुसरीचं पोट बेंबीपासून खालपर्यंत रेघांनी भरून जातं. गरोदरपणात बदलणारी संप्रेरकं कातडीच्या धाग्यांची पकड सैल करतात. कॉर्टिसोल हे आपल्याच मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून पाझरणारं संप्रेरक, ते वाढलं की फायब्रोब्लास्ट सुस्तावतात आणि नवे धागे कमी तयार होतात. आणि आनुवंशिकता तर आहेच. २०१३ मध्ये हजारो लोकांच्या जनुकांची तपासणी करणाऱ्या एका अभ्यासात इलॅस्टिनच्या जनुकाजवळची जागा या रेघांशी जोडलेली आढळली. आईच्या पोटावर रेघा असतील तर मुलीला होण्याची शक्यता जास्त, हे त्याच्या आधीपासून डॉक्टरांना दिसतच होतं.

गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना या रेघा पडतात. काही देशांतल्या पाहण्यांत हे प्रमाण दहांत नऊपर्यंत गेलेलं आहे. बहुतेक सहाव्या-सातव्या महिन्यानंतर त्या दिसू लागतात, पोटावर, छातीवर, कमरेच्या बाजूला, मांड्यांवर. आणि इथेच घरातली वडीलधारी मंडळी बोलू लागतात. ‘खाजवू नकोस, रेघा पडतील’ हे वाक्य न ऐकलेली लेकुरवाळी बाई सापडणं कठीण. यात कारण आणि परिणाम उलटे झालेले आहेत. कातडी ताणली जाते, कोरडी पडते, म्हणून खाज येते. रेघ त्याच ताणानं पडते. नखांनी ती पडत नाही. नखांनी ओरखडे उठतात आणि काळे डाग राहतात एवढंच. तेव्हा ज्या बाईच्या पोटावर रेघा आहेत तिनं ‘ऐकलं नाही’ असा ठपका तिच्यावर ठेवणं अन्यायाचं आहे. मात्र शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपाय खाजू लागले, रात्री खाज वाढली आणि अंगावर पुरळ काही दिसत नाही, अशी तक्रार असेल तर ती पोट ताणल्याची खाज नव्हे. गरोदरपणात यकृतातल्या पित्ताचा प्रवाह मंदावतो तेव्हा असं होतं, आणि त्यानं पोटातल्या बाळाला धोका पोचू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायला हवं.

रेघांचा एक संबंध आईच्या वयाशी आहे, तो मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. आई जितकी लहान तितक्या रेघा जास्त आणि रुंद, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सोलापूर जिल्ह्यात बालविवाह अजून थांबलेले नाहीत. सतरा-अठराव्या वर्षी बाळंत झालेल्या मुलीच्या पोटावरच्या जाड जांभळ्या पट्ट्यांना तेलाचा अभाव कारण नसतो. तिचं स्वतःचं शरीर अजून वाढत असताना त्यावर दुसरी वाढ लादली गेलेली असते.

आता तेलाविषयी. आपल्याकडे करडईचं, खोबऱ्याचं, तिळाचं तेल आहे, दुकानात बदामाचं, ऑलिव्हचं, कोको बटरचं क्रीम आहे, आणि प्रत्येकाच्या डब्यावर गोल गुळगुळीत पोटाचं चित्र आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून त्यांची कसून छाननी करते. तिनं २०१२ मध्ये याच प्रश्नावरच्या सहा चाचण्या, त्यांतल्या ८०० स्त्रिया, असा सगळा हिशेब मांडला. लावायच्या कोणत्याही क्रीम-तेलानं या रेघा रोखल्या जातात याला भक्कम पुरावा मिळाला नाही. कोको बटरची परीक्षा लेबनॉनमध्ये आणि जमैकात वेगवेगळी झाली, दोन्हीकडे ते साध्या क्रीमपेक्षा सरस ठरलं नाही. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात बदामतेल नुसतं लावून काही साधलं नाही, पंधरा मिनिटं हळूहळू चोळून लावल्यावर रेघा कमी दिसल्या. पण तो एक छोटा अभ्यास, त्यावर इमारत उभी करता येत नाही. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. तेल वरच्या थरावर राहतं, तुटतात ते धागे त्याच्या बरेच खाली.

म्हणून तेल सोडून द्या असं मी म्हणणार नाही. कोरडी, ताणलेली, खाजणारी कातडी तेलानं मऊ होते, खाज शमते, आणि दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला रात्री कोणी हळुवार तेल लावून दिलं तर तिला बरं वाटतं. ते बरं वाटणं खरं आहे. त्यासाठी घरातलं करडईचं तेल पुरतं. शेकडो रुपयांच्या बाटलीला जास्तीचं काही जमत नाही. लिंबू, मीठ, खाण्याचा सोडा मात्र कातडीवर घासू नये. आपल्या वर्णाच्या कातडीला जळजळ झाली की ती काळवंडते, आणि ते डाग रेघेपेक्षा जास्त दिवस छळतात.

वयात येणाऱ्या मुलांचंही सांगायला हवं, कारण तिथे घरात उगाच घबराट होते. मुलींना मांड्यांवर, कमरेवर, छातीवर रेघा पडतात. मुलगा वर्षभरात झपाट्यानं उंच झाला की त्याच्या पाठीच्या खालच्या भागावर आडव्या, एकाखाली एक, लालसर रेघा उमटतात. वेताचे वळ वाटावेत अशा त्या दिसतात. शाळेत किंवा घरात कोणी मारलं का, अशी शंका घेऊन पालक मुलाला डॉक्टरांकडे आणतात. ते फक्त उंचीचे वळ असतात. त्यांना औषध लागत नाही, दोन-तीन वर्षांत ते फिके पडतात.

इथवरच्या रेघा निसर्गाच्या. त्यांच्यात लाजण्यासारखं काही नाही आणि टाळण्यासारखंही फारसं नाही. माझा सगळा रोख मात्र दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यांवर आहे, जे माणूस स्वतःच्या हातानं, पैसे देऊन, अंगावर आणतो.

सोलापूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर राहतो. पूर्व भागातल्या, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये पत्र्याखाली, सुताच्या धुळीत, माणसं पाळी संपेपर्यंत घामानं निथळत उभी असतात. घट्ट जीनची पँट, नायलॉनचं अंतर्वस्त्र, परकराची करकचून बांधलेली नाडी, घरात चौघांना मिळून एकच टॉवेल. जांघेत, कमरेला, काखेत गोल, कडा लाल झालेला, भयंकर खाजणारा चट्टा उठतो. आपण त्याला नायटा म्हणतो, गजकर्ण म्हणतो, काही जण दाद म्हणतात. ही बुरशी आहे. जागा अवघड, दाखवायची लाज, डॉक्टरांकडे गेलं तर दिवसाची मजुरी बुडणार. माणूस घरी जाता जाता मेडिकलमध्ये थांबतो आणि ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. पन्नास-शंभर रुपयांत ट्यूब मिळते. रात्री लावली की सकाळपर्यंत खाज गेलेली असते. यापेक्षा चांगलं औषध नाही अशी त्याची खात्री पटते, आणि पुढच्या वेळी तो शेजाऱ्यालाही तीच ट्यूब सांगतो.

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं. खाज इतक्या लवकर थांबते ती त्या स्टेरॉइडमुळे. स्टेरॉइड कातडीची प्रतिकाराची झुंज बंद पाडतं; लाली जाते, खाज जाते, बुरशी मात्र निर्धास्तपणे पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट खाज, पुन्हा ट्यूब. काही महिन्यांनी चट्ट्याचं रूपच इतकं बदलतं की तो गजकर्ण आहे हे ओळखणंही अवघड होतं. आणि याच काळात आत दुसरं नुकसान चालू असतं. वर सांगितलेल्या कॉर्टिसोलचीच ही जास्त तेज भावंडं. ती फायब्रोब्लास्टना कोलॅजेन बनवू देत नाहीत. जांघेतली, काखेतली कातडी मुळात पातळ, सतत एकावर एक घासणारी आणि ओलसर, त्यामुळे औषध तिथे जास्त मुरतं. कातडी विरते, पातळ होते, आतल्या शिरा दिसू लागतात, आणि एक दिवस जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद, लाल-जांभळे पट्टे दिसतात. वजन वाढलेलं नसतं, पोट वाढलेलं नसतं, वय वीस-बावीस असतं. हे पट्टे फिके पडतात, पण जात नाहीत. काहींच्या मांडीवर ते इतके खोल असतात की कातडीवर तिथे जखमा होऊ लागतात.

मागच्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर गजकर्णानं जे उग्र रूप घेतलं, त्यात या मलमांचा मोठा वाटा आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीला २०२० मध्ये वेगळं नाव मिळालं, आणि त्या नावातच भारत आहे. नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांनाही ती पुष्कळदा दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं, आयएडीव्हीएलनं, स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध खास कार्यगट नेमला आणि सरकारदरबारी पाठपुरावा केला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइडची लावायची औषधं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली काही मलमंही होती. कायदा झाला, ही मोठी गोष्ट. पण चिठ्ठी न मागता ट्यूब पुढे सरकवणारे हात अजून थांबलेले नाहीत, आणि घरात उरलेली अर्धी ट्यूब भावाला, जावयाला देणारे आपण तरी कुठे थांबलो आहोत?

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्यावी. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. ही औषधं वाईट नाहीत. सोरायसिसमध्ये, इसबात, डॉक्टरांनी ठरवलेल्या जागी आणि ठरवलेल्या दिवसांपुरती ती उत्तम काम करतात. गजकर्णावर मात्र ती लावायची नसतात. चेहरा गोरा करण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्येही मोमेटासोन असतं, तेव्हा मुलींनी तिथेही हीच नावं शोधावीत.

पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडनंही असे पट्टे येतात. सांध्यांच्या दुखण्यावर जादूसारखा गुण देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि वजन वाढवायची चूर्णं यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं तेव्हा अंगावर हे पट्टे उमटणं ही त्याची एक खूण असते. दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनीच स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, तर हे वाचून त्या एकदम बंद करू नका. अचानक थांबवलेलं स्टेरॉइड जिवावर बेतू शकतं. विचारून, हळूहळू कमी करतात. तालमीत किंवा जिममध्ये दंड झटपट फुगवण्यासाठी इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांच्या खांद्यापाशी, काखेच्या पुढच्या बाजूला ज्या रेघा येतात त्यांमागे झपाट्यानं फुगणाऱ्या स्नायूंचा ताणही असतो.

क्वचित रेघा आतल्या आजाराची चाहूल देतात. एक सेंटिमीटरहून रुंद, जांभळे पट्टे, चेहरा गोल होणं, मानेखाली चरबीचा उंचवटा, हातपाय बारीक, नव्यानं वाढलेला रक्तदाब किंवा साखर, जरा लागलं की काळंनिळं पडणं, असं एकत्र दिसलं तर कुशिंग सिंड्रोमसाठी, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल प्रमाणाबाहेर वाढलं आहे का यासाठी, तपासणी करावी लागते. लाल रेघा पण वजन वाढलेलं नाही, मुलगा खूप उंच, लांब बोटांचा, चष्म्याचा नंबर मोठा, असं असेल तर मारफान या आनुवंशिक आजाराचा विचार करून हृदयाची तपासणी करून घेतात. हे विरळ आहे, पण माहीत असावं.

आणि आलेल्या रेघा घालवता येतात का? पूर्ण नाही. हे उत्तर सरळ सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. रेघ लाल असताना उपचारांना दाद जास्त मिळते. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासूनचं औषध ०.१ टक्का ताकदीचं, १९९६ मधल्या एका प्रयोगात २४ आठवडे लावलं, तेव्हा ताज्या रेघांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. सुधारणा आहे, चमत्कार नाही. गरोदरपणात हे औषध लावायचं नाही, म्हणजे ज्या महिन्यांत रेघा येतात नेमक्या त्याच महिन्यांत ते चालत नाही. पांढऱ्या पडलेल्या जुन्या रेघांसाठी बारीक सुयांनी अंतस्त्वचा टोचून नवं कोलॅजेन तयार व्हायला लावणारं मायक्रोनीडलिंग आहे, फ्रॅक्शनल लेझर आहे. चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं अनेक बैठका लागतात, प्रत्येकीला हजारांत खर्च येतो, आणि कातडी थोडी भरून येते, रेघेचा खोलगटपणा कमी होतो. लेझर सावळ्या कातडीवर जपून वापरावा लागतो, ताकद चुकली तर काळे डाग पडतात. म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये, ऑफर लागली म्हणून, हे करून घेऊ नये. पोटाच्या शस्त्रक्रियेत बेंबीखालची लोंबणारी कातडी कापून काढतात तेव्हा तिथल्या रेघा तिच्याबरोबर जातात, पण केवळ रेघांसाठी कोणी पोट कापून घ्यावं असं मला वाटत नाही. बाळंतपणाच्या रेघांवर काहीच न करणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. दोन वर्षांत त्या आपणहून पुष्कळ फिकटतात.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोगांचा विभाग आहे. गजकर्णाचा खरा उपचार महागडा नाही, फक्त सलग आहे. स्टेरॉइड नसलेलं मलम, लागल्यास गोळ्या, आणि दोन्ही डॉक्टर सांगतील तितके आठवडे, खाज थांबल्यावरही. घरात ज्यांना ज्यांना चट्टा आहे त्या सगळ्यांना एकाच वेळी उपचार, प्रत्येकाला वेगळा टॉवेल, कपडे कडक उन्हात वाळवलेले. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात खाजेची अर्धी वापरलेली ट्यूब असेल तर आज तिच्यावरचं नाव वाचा. वर दिलेल्यांपैकी एखादं नाव असेल तर ती कोणाला देऊ नका, आणि स्वतः लावत असाल तर ट्यूब खिशात घालून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला जा. जागा अवघड आहे म्हणून लाजू नका. असे पट्टे तिथले डॉक्टर रोज पाहतात.